फोटोला उजेड द्या, रंग फासू नका

पूर्वी पिकाला रोग आला की शेतकरी रोगट फांदी रुमालात गुंडाळून तालुक्याला घेऊन येत असे. एस.टी.च्या गर्दीत ती फांदी चुरगळून जाई, पण पानाचा रंग मात्र खराच असे. आता तसे राहिले नाही. सकाळी मी चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच मोबाईलवर फोटो येऊ लागतात. ‘साहेब, हे काय आलंय बघा,’ ‘साहेब, कोणतं औषध मारू?’ सोय मोठी झाली यात शंका नाही. वीस मैलांवरचे पान घरबसल्या दिसते. पण फांदी खोटे बोलत नव्हती, फोटो बोलतो. कधी उजेडामुळे, कधी मोबाईलमुळे, तर कधी आपणच हौसेने रंग चढवल्यामुळे.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, म्हणजे आजचा विषय किती कामाचा आहे ते ध्यानात येईल.

पावसाळ्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या शेंड्यांचा फोटो पाठवला. फोटो मोठा झकास होता. हिरवे गर्द हिरवे, पिवळे अगदी हळदीसारखे. मला पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा वाटला. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता असली की सोयाबीनची कोवळी पाने अशीच दिसतात. मी फेरस सल्फेटच्या फवारणीचा सल्ला दिला. त्यांनी फवारणी केली. आठवडा गेला तरी फरक नाही, उलट पिवळेपणा वाढला. मग मी स्वतः बांधावर गेलो आणि पान हातात घेतले. तो पिवळा मोझॅक होता! पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे ठिपके होते आणि पानामागे पांढरी माशी. हा विषाणूचा रोग. पहिली रोगट झाडे दिसताच उपटून टाकायची आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा, हाच त्यावरचा मार्ग. ते पहिले आठ दिवस आमच्या हातून निसटले होते.

मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, फोटो फिका दिसत होता म्हणून मी फिल्टर लावला.’ त्या फिल्टरने हिरवे आणि पिवळे इतके भडक केले की ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळल्या. मुलाचा हेतू चांगलाच होता. चूक माझी. मूळ फोटो मागवायला हवा होता, तो मी मागवला नाही. त्या दिवसापासून मी हा विषय शिकलो आणि भेटेल त्याला शिकवू लागलो.

डोळा आणि कॅमेरा

रात्री घरात साध्या पिवळ्या बल्बखाली तुम्ही जेवायला बसता. ताटातला भात तुम्हाला पांढराच दिसतो. खरे तर त्या उजेडात तो पिवळसर असतो. पण आपला मेंदू हुशार आहे, तो उजेडाचा पिवळेपणा वजा करून टाकतो. कॅमेऱ्यालाही तशी वजाबाकी शिकवलेली असते, पण ती दरवेळी जमत नाही. म्हणून बल्बखालचा फोटो पिवळा येतो, भर सावलीतला निळसर येतो, आणि हिरव्या शेडनेटखालचा किंवा दाट झाडाखालचा हिरवट येतो. निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेला कांदा तर ओळखूही येत नाही.

उजेडाच्या या रंगाला शास्त्रात मोजमाप आहे. ते केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे 1900, पिवळा बल्ब 2700 ते 3000, दुपारचे ऊन साधारण 5500, आणि मोकळ्या आकाशाखालची सावली 7000 च्या पुढे. आकडा लहान तेवढा उजेड तांबूस-पिवळा, आकडा मोठा तेवढा निळसर. हे आकडे पाठ करायची गरज नाही. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो आपल्या वस्तूवर चढतो, एवढे कळले की पुरे.

भातशेती करणाऱ्या काहींना पानाच्या रंगाचा तक्ता ठाऊक असेल. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याचा प्रसार केला. प्लास्टिकच्या पट्टीवर हिरव्या रंगाच्या चढत्या छटा असतात. भाताचे पान त्याला लावून पाहायचे आणि नत्र द्यायचे की नाही ते ठरवायचे. तो वापरताना एक नियम सांगतात : पान थेट उन्हात पाहू नका, आपल्या अंगाची सावली त्यावर पाडा, आणि दरवेळी एकाच माणसाने साधारण एकाच वेळी पाहावे. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहतानाही एवढी काळजी, तर फोटोत किती घ्यावी लागेल?

निम्मी दुरुस्ती फोटो काढतानाच

फोटो सुधारण्याची खटपट कमी करायची असेल तर काढतानाच चार गोष्टी पाळा.

मोबाईलची काच आधी पुसा. खिशातली धूळ, तंबाखूची पूड, हाताचे तेल यांनी ती माखलेली असते. मऊ सुती कापडाने पुसली की निम्मा धुरकटपणा जातो.

भर दुपारचे ऊन टाळा. सकाळी नऊ-दहाच्या आत, दुपारी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी फोटो काढा. दुपारीच काढावा लागला तर पानावर आपल्या अंगाची किंवा छत्रीची सावली पाडा. छत्री काळी असावी. रंगीत छत्री आपला रंग पानावर पाडते.

पडद्यावर पानावर बोट टेकवा. कॅमेरा त्या जागेवर नजर स्थिर करतो. बहुतेक मोबाईलमध्ये तिथे सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते खाली ओढले की फोटो थोडा काळवंडतो. पांढरी फुले, कापसाची बोंडे, चकाकणारी पाने यांचा फोटो असा किंचित काळाच काढावा. कारण ऐका. कच्ची भाकरी पुन्हा तव्यावर टाकता येते, पण करपलेली भाकरी मागे येत नाही. फोटोतही अंधारात गेलेले थोडेफार वर काढता येते; पण उजेडाने जी जागा पार पांढरी पडली, तिथे काही उरतच नाही. पानाची शीर तिथे पुसली गेली ती गेलीच.

पानाशेजारी कोरा पांढरा कागद आणि दहा रुपयांचे नाणे ठेवा. नाणे 27 मिलिमीटर रुंद असते, त्यावरून ठिपक्याचा किंवा अळीचा आकार कळतो. आणि पांढरा कागद कशाला, ते पुढे सांगतो.

दुरुस्तीची पाच पावले

आता फोटो मोबाईलमध्ये आला. त्यासाठी संगणक लागत नाही. मोबाईलच्या गॅलरीत फोटो उघडून ‘एडिट’ दाबले की बटणांची रांग येते. गुगलचे ‘स्नॅपसीड’ नावाचे ॲपही विनाशुल्क मिळते. बटणांची नावे मोबाईलप्रमाणे थोडी वेगळी असतील, काम तेच. सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी करा. पडद्याचा उजेड मध्यम ठेवा आणि सावलीत बसा. आणि रात्री डोळ्यांना बरा वाटावा म्हणून पडदा पिवळसर करण्याची जी सोय असते, ती बंद करा. नाहीतर पडद्याचा पिवळेपणा तुम्ही फोटोतून काढत बसाल.

पहिले पाऊल – कातरणे. शेजारचा बांध, पायातली चप्पल, कोपऱ्यातले बोट काढून टाका. फोटो तिरका असेल तर सरळ करा. लक्ष जिथे हवे तिथे जाते.

दुसरे पाऊल – उजेड. ‘ब्राइटनेस’ किंवा ‘एक्स्पोजर’ सगळ्या फोटोचा उजेड कमी-जास्त करते. बरेच जण एवढेच ओढतात आणि मग आकाश पांढरेफटक पडते. त्यापेक्षा दोन बटणे शिका. ‘शॅडोज’ हे अंधारलेला भाग उजळते, ‘हायलाइट्स’ हे फार उजळ भाग आवरते. झाडाखाली उभ्या असलेल्या बैलजोडीचा फोटो घ्या. मागे लख्ख ऊन, बैल काळपट. शॅडोज थोडे वाढवा, हायलाइट्स थोडे उतरवा. बैलांचे डोळे दिसू लागतील आणि मागचे रानही राहील. मात्र शॅडोज फार ओढले की अंधाऱ्या जागेत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. तिथे थांबावे.

माझ्या तरुणपणी तालुक्याला फोटोचा स्टुडिओ होता. छत्तीस फोटोंचा रोल धुवायला टाकायचा आणि आठवड्याने आणायला जायचे. तिथला फोटोवाला अंधाऱ्या खोलीत कागदावर उजेड पाडताना मध्येच आपला हात आडवा धरी. मी विचारले, तर म्हणाला, ‘चेहरा काळा येतोय, तिथे उजेड कमी लागू देतो, म्हणजे कागद कमी काळा होतो.’ त्याचा तो हात म्हणजेच आजचे शॅडोज बटण. कला जुनीच आहे, बटण तेवढे नवे.

तिसरे पाऊल – पांढऱ्याला पांढरे करणे. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच कुणी करत नाही. ‘वॉर्म्थ’ किंवा ‘टेम्परेचर’ नावाचे बटण एका बाजूला ओढले की फोटो निळसर होतो, दुसरीकडे ओढले की पिवळसर. ‘टिंट’ हे बटण हिरवा आणि गुलाबी यांच्यामध्ये फिरते. आता तो पांढरा कागद पाहा. कागद पिवळा दिसतो? निळ्याकडे ओढा. निळसर दिसतो? पिवळ्याकडे ओढा. शेडनेटखाली हिरवट दिसतो? टिंट गुलाबीकडे न्या. कागद कागदासारखा पांढरा दिसू लागला की शेजारचे पानही आपल्या खऱ्या रंगावर आले, असे समजा. काही ॲपमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये ड्रॉपरचे चिन्ह असते, ते कागदावर टेकवले की हे काम आपोआप होते. कागद विसरला असेल तर धोतर, सदरा, चुना लावलेली भिंत असे काहीतरी पांढरे शोधा. फक्त एक ध्यानात ठेवा : रस्त्यावरच्या गडद पिवळ्या सोडियम दिव्याखालचा फोटो नीट सुधारत नाही. त्या उजेडात इतर रंग मुळातच फार थोडे असतात. नसलेले कुठून आणणार? असा फोटो टाकून द्या आणि सकाळी नवा काढा.

चौथे पाऊल – रंगाचा जोर. ‘सॅच्युरेशन’ सगळे रंग एकदम भडक करते. ‘व्हायब्रन्स’ असेल तर ते बरे. ते फिके रंग आधी उचलते, भडक रंगांना कमी हात लावते. हे भाजीतल्या मिठासारखे वापरा. धुके किंवा पावसाळी हवेमुळे फोटो मरगळला असेल तर चिमूटभर. आणि फोटो रोगाच्या पानाचा असेल तर अजिबात नाही.

पाचवे पाऊल – ताडून पाहणे. बहुतेक ॲपमध्ये फोटोवर बोट दाबून धरले की आधीचा फोटो दिसतो, सोडले की नवा. दोन-तीनदा पाहा. मोबाईल बाजूला ठेवून दोन मिनिटांनी परत पाहा. जमल्यास ते पान किंवा फळ हातात धरूनच पाहा. फोटो हातातल्या वस्तूसारखा दिसला पाहिजे, तिच्यापेक्षा देखणा नव्हे. मग नवी प्रत वेगळी जतन करा. मूळ फोटो पुसू नका.

सल्ला मागताना

रोगाच्या फोटोला फक्त कातरणे चालेल, बाकी दुरुस्ती करू नका. करायचीच झाली तर मूळ फोटोही सोबत पाठवा. पानाच्या रंगावर आम्ही केवढा भरवसा ठेवतो ते पाहा. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्राची कमतरता. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियमची. तसेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, तर लोहाची, कारण लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजी सरकत नाही. शीर हिरवी की पिवळी, एवढ्यावरून औषध बदलते. ती शीर फिल्टरने मिटवली, तर तुमचे पैसे आणि पीक दोन्ही धोक्यात.

म्हणून चार फोटो पाठवा. एक सगळ्या शेताचा, एक पूर्ण झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो लहान होतो आणि बारकावे जातात. म्हणून ‘एचडी’ निवडा किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कोणती पाने, किती दिवसांपासून, मागची फवारणी कशाची, हे दोन ओळींत लिहा किंवा बोलून पाठवा. आणि फोटो कितीही चांगला असला तरी शंका राहिली तर पान घेऊनच या.

नुकसानीच्या फोटोंचेही असेच. पाऊस, गारपीट, वन्यप्राणी यांनी पीक गेले तर काढलेले फोटो जसेच्या तसे ठेवा. मूळ फोटोच्या आत तारीख-वेळ नोंदलेली असते, आणि मोबाईलमध्ये सोय चालू असेल तर ठिकाणही. साध्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ती नोंद राहत नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून आलेल्या ई-पीक पाहणीत फोटो त्या ॲपमधूनच, शेतात उभे राहून काढायचा असतो, त्यामागेही हाच विचार आहे. पुराव्याच्या फोटोला सौंदर्य नको, सच्चेपणा हवा. खऱ्या नुकसानीच्या फोटोवर रंगाचा हात फिरवलात, तर खरेही खोटे ठरण्याची भीती.

माल विकताना

आता बरेच जण डाळिंब, द्राक्ष, आंबा, गूळ यांचे फोटो पाठवून गिऱ्हाईक मिळवतात. बायकांचे बचत गट पापड, मसाले, लोणची विकतात. इथे उजेडाची दुरुस्ती जरूर करा. अंधाऱ्या खोलीतला मसाल्याचा फोटो कुणाला ओढ लावणार? दारात, उन्हाच्या तिरिपेबाहेर, पांढऱ्या कापडावर वस्तू मांडा आणि पहिली तीन पावले करा. पण गूळ तांबडा असेल तर तो तांबडाच दिसू द्या. फोटोत सोन्यासारखा करून पाठवलात तर गिऱ्हाईक एकदा फसेल, दुसऱ्यांदा येणार नाही आणि चार जणांना सांगेल. आपला तांबडा गूळ तांबडा म्हणून मागणारेही लोक आहेत.

मुलीच्या स्थळासाठी पाठवायच्या फोटोविषयी एक शब्द आयाबहिणींना सांगतो. हल्ली मोबाईल स्वतःच चेहरा गोरा आणि गुळगुळीत करतो. ‘ब्यूटी’ नावाची ती सोय बंद करा. चेहऱ्यावर सावली असेल तर शॅडोज उचला, फोटो पिवळा आला असेल तर वॉर्म्थ सारखे करा. पण सावळी लेक सावळीच दिसू द्या. तिच्या रंगात काही उणे नाही, आणि जे घर रंगावर अडते, ते फोटो पाहतानाच अडलेले बरे.

भिंतीवरचा जुना फोटो

शेवटी एक काम आणखी सुचवतो. तुमच्या घरी आजोबा-आजीचा किंवा लग्नाचा जुना फोटो असेलच. 1970-80 च्या काळातले पुष्कळ रंगीत फोटो आता तांबूस पडले आहेत. त्या वेळच्या कागदावर रंगांचे तीन थर असत. त्यातला निळसर थर बऱ्याच कागदांवर आधी विरला, म्हणून तांबडा उरला. हा फोटो आजच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कारण विरणे थांबत नाही.

सहज निघत असेल तर तो फ्रेमच्या काचेतून काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओल्या फडक्याने पुसू नका. दाराशी सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल बरोबर वर आडवा धरा. मग कातरा. वॉर्म्थ निळ्याकडे, टिंट हिरव्याकडे हळूहळू न्या, जोवर आजोबांचा फेटा आणि सदरा पांढरे दिसत नाहीत. ‘कॉन्ट्रास्ट’ किंचित वाढवा, म्हणजे धुरकटपणा जाईल. काळा-पांढरा फोटो पिवळा पडला असेल तर सॅच्युरेशन पार तळाला आणा. पिवळेपणा जाऊन मूळ करडा रंग उरतो.

आमच्या घरी वडिलांचा बैलगाडीवर बसलेला असा एक फोटो होता, पार विटकरी झालेला. एका रविवारी तो असा सुधारला. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘ही गाडी निळी होती. मी विसरलेच होते.’ मी त्या फोटोत निळा रंग घातला नव्हता. तो तिथे होताच, विरलेला. मी फक्त वरचा तांबडा बाजूला केला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या विद्येचे सार एवढेच आहे. जे खरे आहे आणि उजेडाअभावी दिसत नाही, ते दिसू द्या. जे नाहीच, ते घालू नका. उद्या सकाळी रानात गेलात की एक पान, एक पांढरा कागद आणि दहाचे नाणे घ्या, आणि करून पाहा. पहिल्या दोन-चार फोटोंत चुकाल. चुका, मीही चुकलो होतो.